शेपू नसलेला हिरवा सॉस

कील, २४ जून

लाडक्या हेटीस ताईचे पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. डेटलेफ आणि सूनबाई मला फार जपतात. इतकं जपतात की संशय यावा.

काल सूनबाईने आपला फ्रँकफुर्टचा हिरवा सॉस केला. इकडची माणसं त्यात शेपू घालतात, म्हणून मी आधी वास घेतला. शेपू नव्हता. चुका, अळीव धरून त्याला लागणारे सातही पाले होते, तेही ताजे.

"एवढं सगळं कुठं मिळालं गं?"

"बाजारात, आई. बटाटे घ्या ना अजून."

इथला बाजार मी पाहिलाय. शेपूपलीकडे त्यांची मजल नाही. शिवाय ही मला परसात जाऊ देत नाही. म्हणे चिखल आहे, पडाल. आठवडाभर पावसाचा थेंब नाही, चिखल कुठला?

आज ती कामावर जाताच मी गेले. मागे सात लाकडी पेट्या, प्रत्येकीत सॉसचा एकेक पाला, कमरेइतक्या उंच, म्हणजे मला वाकायला नको. शेजारी खुर्ची. हेटी, चुका आठवड्यात एवढा माजत नाही. पेरणी मार्चमधली आहे आणि मला पंधरा दिवसांसाठी या म्हणून फोन आला तो मेमध्ये.

माझं सामान इकडे हलवायला डेटलेफने घराची किल्ली मागितली तर देऊ नकोस. माझ्या वाफ्याला पाणी घालतेस ना? तुझा खोकला कसा आहे?

सॉस उत्तम झाला होता. मी तिसऱ्यांदा वाढून घेतला, तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून हसली. तिथंच मी फसले.

तुझीच, अजून तरी पाहुणी असलेली,
गेरलिंडेताई