खाकी कोटातली मोजणी

भिसेगाव, कर्जत
सोमवार, २१ जानेवारी १९३५

प्रिय नामा,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. लोकल बोर्डाची मदत बंद झाल्यावर माझी मोटार काही चालायची नाही, तेव्हा ती तुझ्या मेहुण्याला विकतोस का, असं तू विचारलं आहेस, आणि खाली 'घरची मंडळी खुशाल असावीत' असंही लिहिलं आहेस. मंडळी खुशाल आहेत. मोटार विकायची नाही. एवढं कार्डावर मावलं असतं, पण माझा राग कार्डावर मावण्यातला नाही, म्हणून चांगले चार ताव आणवून बसलो आहे. तू बोर्डाचा सभासद झालास तेव्हा खोपोलीच्या नाक्यावर तुझ्या गळ्यात पहिला हार मी घातला होता. त्याच्या आधी वीस वर्षं आपण एका बैलगाडीवर भाताची पोती वाहिली. चढावर तू बैलांशी बोलायचास आणि मी मागून खांदा द्यायचो. म्हणून सभासदाला लिहावं तसं लिहीत नाही, नामाला लिहितो आहे. मनाला लागलं तर लागू दे.

पाच वर्षांपूर्वी मी ती जुनी लॉरी घेतली तेव्हा कर्जत-खालापूर रस्त्यावर तिच्यात बसत होतं कोण? कचेरीत खटले असलेली माणसं आणि बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी. आणि त्याच रस्त्याच्या कडेने डोंगरवाडीच्या ठाकरणी डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन कर्जतच्या बाजाराला चालत जायच्या. मी त्यांच्या अंगावर धूळ उडवत रिकामी गाडी न्यायचो. एक दिवस थांबवली आणि विचारलं, बसत का नाही तुम्ही? त्यांच्यातली थोरली ठकी म्हणाली, "बसू की. पन आमच्या मोळ्या कुठं बसतील? आन आमी नऊ जनी हाव. सात घेशील नि दोघींना ठेवशील तर आमी नाय." ही त्यांची रीत. एक जरी मागे राहिली तरी कोणीच चढायचं नाही. मग मी मागची बाकडी काढून टाकली, टपाला मोळ्यांसाठी कठडा बसवून घेतला, आणि भाडं ठरवलं: डोईला दोन पैसे, मोळीला काही नाही, चढतील तर सगळ्या. कचेरीला जाणाऱ्या टोपीवाल्यांनी कुरकुर केली. एक जण म्हणाले, "चांगो, ही माणसांची मोटार की वखारीचा गाडा?" मी म्हटलं, "रावसाहेब, वखारीचा गाडा भरला की सुटतो, ही सातला सुटते. बसा." बसले.

दोन पैशांत पेट्रोलसुद्धा सुटत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. त्यासाठीच बोर्डाची दरमहा चाळीस रुपयांची मदत होती. अटी दोनच: भाडं वाढवायचं नाही, आणि खेपेला सरासरी बारा उतारू दिसले पाहिजेत. बाजारच्या दिवशी मी वीस-वीस नेत होतो. मोळीला बाजारात चार आणे येतात. पूर्वी एक मोळी पोचवायची म्हणजे सगळा दिवस पायाखाली जायचा. मोटारीने त्या सकाळी पोचायला लागल्या, दुपारपर्यंत घरी परतायला लागल्या, आठवड्याला एक बाजार करणाऱ्या तीन करायला लागल्या. तुम्ही सभेत म्हणता बोर्डाचा पैसा मोटारवाल्याच्या पोटात जातो. माझं पोट सुटलं आहे ते कबूल, पण ते भाताच्या दलालीवर सुटलं, मोटारीवर नाही.

मार्गशीर्षात उतारूंच्या मोजणीला बोर्डाचा कारकून आला. खाडीकडचा माणूस, अंगात मलमलीचा सदरा, आणि आपल्याकडची सकाळची थंडी तुला माहीत आहे. दात वाजत होते त्याचे. मी म्हटलं, हा तीन दिवस थांब्यावर कुडकुडला तर रागाने निम्मीच डोकी लिहील. म्हणून माझा ड्रायव्हर मंगळ्या, त्याचा जाड खाकी कोट मी स्वतः कारकुनाच्या अंगावर चढवला, उंबराखालच्या थांब्यावर त्याला बाकडं दिलं, चहा दिला. वही मांडीवर घेऊन बसला आरामात. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की मंगळ्यालाही गोष्ट दोनदा सांगितली.

तीन दिवस ठाकरणी आल्याच नाहीत. गाडीत कधी चार माणसं, कधी पाच. मला वाटलं, वाडीत मयत झाली असेल, देवकार्य निघालं असेल. तिसऱ्या सकाळी निवडुंगाच्या कुंपणामागे कुजबूज ऐकू आली. माझे कान तू ओळखतोस. ठकीची सून कोंडी मागच्यांना सांगत होती, "खाकीवाला अजून बसलाय गं. वही हाय हातात. नदीकडनं चला." जंगलातून वाळलेलं लाकूड आणायची त्यांना मुभा आहे, पण मागे जंगलखात्याच्या एका शिपायाने त्यांच्यातल्या बुधीच्या मोळीतून ओली फांदी ओढून काढली होती आणि तिचा कोयता नेला होता. तेव्हापासून खाकी आणि वही एका जागी दिसली की त्या वाट बदलतात. मोळीत ओली फांदी कधीच नसते, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण दोन कोसांच्या वळशाने नदीकाठच्या दगडांतून त्या तीन दिवस मोळ्या घेऊन चालल्या, ते मी चढवलेल्या कोटामुळे. मी धावत कारकुनाकडे गेलो. त्याने सरासरी चार लिहून सही ठोकली होती.

कारण कागदावर मांडता येईना. मांडलं तर मदत वाचली असती आणि वाडी अडकली असती. म्हणून तुझ्या ओटीवर आलो. तुला सगळं सांगितलं, कोटासकट, आणि हात जोडून म्हटलं, कारण उच्चारू नकोस, फक्त फेरमोजणी माग, आणि या खेपेला माणूस धोतरात पाठवा. तू सुपारी कातरत हसलास. म्हणालास, "एवढंच ना रं चांगो? झालं समज." मी त्या दिवशी तुझ्याकडे जेवूनही गेलो.

सभेच्या दिवशी मी बाहेर खिडकीखालच्या बाकावर होतो, हे तुला माहीत नव्हतं. आता माहीत असू दे. अध्यक्षांनी विचारलं, "पुन्हा मोजून उतारू वाढतात का?" आणि तू उभा राहिलास. "उतारू आहेत हो साहेब, पण लाकूडचोर आहेत. आपल्या कारकुनाला जंगलातला शिपाई समजून धूम पळाले. आणि गंमत ऐका, कोट चढवला होता आमच्या चांगोनेच." काय हसली सभा. हशा ओसरला तेव्हा कोणीतरी म्हणालं, मग चोरांच्या सहलीला बोर्डाने पैसा का मोजावा? त्यावर तू बसलास. पुन्हा उठला नाहीस. पाच मिनिटांत मदत बंद. चार माणसं हसली की तुला भान राहत नाही, हे मी बैलगाडीच्या दिवसांपासून बघत आलो आहे, म्हणून घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होतो की नामाची जीभ घसरली. शनिवारी मेहुण्यासाठी मोटार मागणारं तुझं कार्ड आलं, आणि आता तसंही समजावता येत नाही.

सभेत इतर कान नव्हते असं वाटतं का तुला? सभेनंतर पाचव्या दिवशी खरा खाकीवाला उंबराखाली येऊन उभा राहिला. ठाकरणींनी मला विचारलं होतं, तेव्हा मीच सांगितलं होतं, तो कारकून होता, बिनघोर या. म्हणून त्या सरळ चालत आल्या. ठकी पुढे होती. तिची मोळी सोडली, कोयता घेतला, आणि आता पुढच्या गुरुवारी, म्हणजे एकतीस तारखेला, तिला खालापूरच्या कचेरीत उभं राहायचं आहे. साठीची बाई आहे. वाडीत ती सुईण, ती वैदू, आणि कुठल्याही कचेरीची पायरी तिने आजवर चढलेली नाही.

मी भाडं अजून दोन पैसेच ठेवलं आहे. कोणी बसत नाही. आता त्या नदीकडूनही जात नाहीत, उघड सडकेने, माझ्या गाडीच्या कडेने चालतात आणि मान वळवत नाहीत. परवा मंगळ्याने भोंगा वाजवला, हाक मारली, "चला गं, सगळ्या चढा." कोंडी चालता चालताच म्हणाली, "तू जा रं बाबा. तुझ्या मालकाचे कान लई मोठे, नि तोंड त्याच्याहून मोठं." मी पुढच्या सीटवर होतो. वाडीला वाटतं की चाळीस रुपये टिकावेत म्हणून मी त्यांना विकलं. हे खोटं आहे, आणि सगळंच खोटं नाही. जे माझं नव्हतं ते मी तुझ्या ओटीवर बोललो होतो.

नामा, येत्या रविवारी मी वाडीवर जाणार आहे. वाडीचा म्होरक्या वाघ्या, त्याला निरोप गेला आहे, तो सगळ्यांना बोलावणार आहे. मला विचारतील, शिपायाला कोणाच्या तोंडून कळलं. मी दोन नावं सांगणार आहे. पहिलं माझं. माणसाच्या पाठीमागे त्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, म्हणून हे पत्र. आठ वाजता उंबराखाली गाडी उभी करीन, तिथून वर दीड तासाचा चढ आहे. दुसरं नाव तुझ्या तोंडून निघावं असं वाटत असेल तर ये. आलास तर गुरुवारी कचेरीत ठकीच्या शेजारीही उभं राहावं लागेल, आणि सभेत जे गमतीने बोललो ते ऐकीव होतं, मोळी मी कधी डोळ्यांनी पाहिली नाही, असं सभासद म्हणून सांगावं लागेल. तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे, माझ्या नाही. नाही आलास तर मी साडेआठपर्यंत वाट बघेन आणि एकटा वर चढेन. खिडकीखाली जे ऐकलं ते वाडीला सांगेन, एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही, हशासकट.

रविवारी साडेआठपर्यंत तरी तुझाच,
चांगो