केमिस्टची सोयरीक

सोम. ६ जानेवारी
माय पोरीवाल्यांना सांगून बसली — पोरगा नवी मुंबईत केमिस्ट आहे! दिवाळीत मीच तिला तशी थाप मारली होती. मी इथल्या पावणे गावच्या एमआयडीसीत लोखंडाचा गंज काढायच्या ॲसिडच्या टाक्या धुतो, हे काय सांगायचं? मी आठवी नापास. पोरगी जिंतूरची, अक्षता. तिचा भाऊ अश्विन बी.एस्सी. शनिवारी कारखाना बघायला येतोय.
मेलो.

मंगळ. ७
कारखान्यातल्या भगवानकाकाला गाठलं, म्हटलं शनिवारपुरतं केमिस्टचं काम शिकव. ॲसिड-पाणी तोच मिसळतो. म्हणाला, "आधी पाणी. मग त्यात ॲसिड, धार बारीक. उलटं केलंस तर पाणी वरच्या वर उकळतं अन् ॲसिड घेऊन तोंडावर उडतं. मग कोण पोरगी देतंय त्या थोबाडाला?"

गुरु. ९
आज मीच ओतलं. खाली ना गॅस ना चूल, तरी पाणी तापतं च्यायला! ड्रमला हात लावला तर चहाच्या ग्लासासारखा. काका म्हणतो, "थांब. निवू दे. मग पुढचं." अर्धा दिवस निवण्यातच गेला.
काकाचं आणखी एक — थंडीत टाकीतलं ॲसिड सुस्त पडतं, गंज सोडवत नाही. कोमट केलं की कामाला लागतं. फार तापलं की वाफेनं आपल्यालाच खातं. म्हटलं, "म्हणजे आपला सुपरवायझर." काका हसला. आधी मागं बघितलं, मग हसला.
अक्षताचा फोन. "केमिस्ट दिवसभर करतात काय?"
"ॲसिड निववतो."
"अगंबाई. फुंकर मारायचा पगार मिळतो?"
आवडली मला.

शनि. ११
अश्विन आला. इस्त्रीचा शर्ट. म्हटलं, बघा आता. बारीक धार धरत बसायला कुणाला वेळ — ॲसिडचे दोन कॅन लागोपाठ ओतले. पाणी खदखदलं, वाफ नाकात, अन् प्लास्टिकचा ड्रम बुडातून मऊ पडून फाटला. काका सांडलेल्या ॲसिडवर चुना फेकतोय, शिव्या देतोय. सुपरवायझर ओरडला, "ए टाकीधुव्या, तुला हात लावायला कुणी सांगितलं?"
अश्विननं सगळं ऐकलं.
मला हाकललं नाही. टाक्या धुवायला माणूसच मिळत नाही त्यांना.
टपरीवर चहा घेतला. अश्विन कपात बघत म्हणाला, "इथं जागा आहे का हो?"
"कसली?"
"कसलीपण. दोन वर्षं घरी बसलोय."

रवि. १२
ठरलं. अक्षताला खरं सांगायचं. नाही म्हणाली तर म्हणू दे.

बुध. १५
अश्विन लागला. माझ्याच टाकीवर. गमबूट त्याला मोठे होतात.
सुट्टीत अक्षताला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तीच — "तुमच्यामुळं दादापण केमिस्ट लागला! आई तर रडायलाच लागली."
समोर दादा ब्रश हातात धरून उभा. नुसती मान हलवत होता — नको, नको.
"हो," म्हटलं. "आता दोघं मिळून ॲसिड निववतो."