आईची अट आणि गाडीचा पंप

३ फेब्रुवारी, मंगळवार

आई हो म्हणाली! हो म्हणाली बाप्पा! फोन ठेवला अन् स्वयंपाकघरात मी एकटीच नाचली. ह्यायनं दारातून पाहिलं, म्हणे, "आधी गॅस तर बंद कर."

बाबा गेल्यापासून आई साकोलीले एकटी. दिवाळीत न्हाणीत पाय घसरला, तेव्हापासून माझा भाऊ संजू मागे लागला आहे, घराले कुलूप लाव अन् पुण्याले माझ्याकडे चल. आईले तिथं जायचं नाही. चौथ्या मजल्यावर तिचा जीव घुसमटते. माझ्याकडे ये म्हटलं की एकच पालुपद, "जावयाच्या गाडीत बसून जावयाच्या घरी जाऊन पडू? लोकं काय म्हणतीन?" आज मात्र म्हणे, "नंदे, गाडी तुह्या नावावर आहे ना? मंग तूच चालवत ये, एकटी. मी लेकीच्या गाडीत बसून लेकीकडे येतो. जावयाचा संबंधच नाही." असं असते माझ्या मायचं गणित.

संजू पुढच्या मंगळवारी तिले न्यायले येते. म्हणजे रविवारी जायचं, सोमवारी घेऊन यायचं. त्यानं एकदा कुलूप लावलं की झालं मग.

लायसन्स मागच्या पावसाळ्यात मिळालं अन् मी अजून राजनांदगावच्या पुढं गेली नाही. भीतीही वाटते अन् हसूही थांबत नाही.

४ फेब्रु., बुध.

माशी शिंकली. ऑफिसातून येताना समोरच्या डंपरनं लाल धूळ सगळी काचेवर उडवली. स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ओढली. वायपर फिरले, पाणी नाही. कोरडेच घासले. वरून उन्ह तिरपं, समोरचं काही दिसेना. बाजूले घेतली, उतरली, डब्याच्या पिशवीतली बाटली काचेवर ओतली.

घरी सांगायचं नव्हतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. हे म्हणे, "काचेवर पाणी येत नाही तर हायवेवर जायचं नाव काढू नको. बागनदीकडं नुसते ट्रकच ट्रक. मी चालवतो, नाहीतर राहू दे." मी म्हटलं, तुम्ही चालवली तर आई पाय ठेवणार नाही गाडीत. तर म्हणे, "मग गाडी तुझी ना? तूच कर दुरुस्त." टोमणा मारून जेवायले बसले.

सर्विसवाल्याले फोन केला. म्हणे मंगळवारी आणा. मंगळवारी काय गाडीची आरती करू?

बरं. करतोच मी. पाहूच.

५ फेब्रु., गुरु.

स. लवकर उठून बॉनेट उघडलं. टाकीत पाणी आहे. काचेखालची फवाऱ्याची भोकं शिवणाच्या सुईनं टोचली. काही नाही. मग रियाले फोन. पोरगी रायपूरले शिकते, सगळं मोबाईलवर पाहते. "मम्मी, तू करणार? सच में? पहले ये बता, मोटर की आवाज आती है क्या?" आता हे मले कावून नाही सुचलं?

ह्यायले पुढच्या चाकाजवळ कान लावून बसवलं. मी आत बसून चाबी फिरवली, दांडी ओढली. "आला का आवाज?" "नाही." "आता?" "नाही म्हटलं ना!" फ्यूज काढून पाहिला, साबूत. लावला परत. मग चाकाच्या आतलं प्लास्टिक थोडं वाकवून ह्यायचा टेस्ट लॅम्प पंपाच्या तारेले लावला. दांडी ओढली की लॅम्प पेटते! म्हणजे करंट पोचून राहिला आहे अन् पंपच मेला आहे! मी एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या घरची खिडकी उघडली. पंप मेला अन् मी खूश, असं त्यायले कसं सांगणार.

संध्या. सुपेल्याले, पार्टवाल्याकडे. "मैडम, भैया को भेज दो, वो समझ जाएंगे." मी म्हटलं, गाड़ी भैया की नहीं, मेरी है, पंप निकालो. निकाला. एवढासा, मुठीत मावते. घरी येईपर्यंत पर्समध्ये हात घालून घालून पाहत होती, आहे ना म्हणून.

६ फेब्रु., शुक्र.

सुट्टी टाकली. काय दिवस गेला! सगळं लिहितो.

हे प्लांटमध्ये मेंटेनन्सले आहेत. सवय अशी की घरचा मिक्सर उघडायचा असला तरी आधी मेन स्विच बंद अन् त्यावर चिठ्ठी, "काम चालू आहे, लावू नये". आज दुपारच्या पाळीले निघायच्या आधी गाडीभोवती घुटमळले, आत वाकून काहीतरी खुडबुड केली अन् वायपरच्या दांडीले चिठ्ठी बांधली. मी म्हटलं, झाली ह्यायची नाटकं सुरू. ते गेले अन् मी चिठ्ठी सोडून डॅशबोर्डवर फेकली.

चाक पूर्ण वळवलं. प्लास्टिक काढताना दोन क्लिपा तुटल्या, जाऊ दे. तार काढली, नळी काढली, जुना पंप ओढला अन् टाकीतलं सगळं पाणी बाहीतून थेट पोटापर्यंत! बादली ठेवायची विसरली होती. पंपाच्या तोंडावर पांढरा थर, आमच्या कोहक्याच्या बोरचं पाणी बादलीच्या काठाले देते तसाच. हे इतकी वर्षं बोरचंच पाणी भरत होते. रबराले साबण लावून नवा पंप दाबला, गपकन बसला. तार, नळी. टाकीत फिल्टरचं पाणी. देवाचं नाव घेतलं, दांडी ओढली.

काहीच नाही.

पुन्हा ओढली. काहीच नाही. खरं सांगतो, तिथंच फरशीवर बसून रडली. आईचा चेहराच समोर आला, पुण्याच्या गॅलरीत बसलेली. मग रडण्याचा झाला राग. पंप उपसला, पुन्हा पाणी अंगावर, अन् तशीच ओल्या कपड्यानं स्कूटीवर सुपेल्याले. "खराब माल दिया आपने!" दुकानदारानं पंप बॅटरीले लावला. घुर्रर्र. "चल तो रहा है मैडम." दुकानातले सगळे माझ्याकडे पाहून राहिले. पंप उचलला अन् पळाली.

घरी येऊन तारेले टेस्ट लॅम्प लावला. पेटेना. काल पेटत होता, आज कावून नाही? फ्यूजची डबी उघडली तर वायपरची जागा रिकामी! अगं माय! तेव्हा ती चिठ्ठी डोक्यात पेटली. वायपरही फिरले नव्हते, पण मी पाण्याकडेच डोळे लावून बसली होती. प्लांटची रीतच आहे, ज्यानं फ्यूज काढला त्याच्याच खिशात तो राहते अन् त्यानंच तो लावायचा. म्हणजे माझा फ्यूज ह्यायच्या शर्टाच्या खिशात, अन् हे प्लांटच्या आत. ड्युटीवर फोन उचलत नाही.

डबीच्या झाकणात एक जादा फ्यूज होता, त्याच रंगाचा, त्याच नंबरचा. पंप बसवला (या वेळी बादली ठेवून), पाणी भरलं, फ्यूज दाबला, दांडी ओढली.

आलं! पाणी आलं! दोन्हीकडून! काचेवरून उडून छतावर, छतावरून मागं वाळत टाकलेल्या चादरीवर. पुन्हा ओढली, पुन्हा आलं. अर्धी टाकी नुसती पाहण्यातच संपवली. मी केलं हे. मी!

७ फेब्रु., शनि.

सकाळी चहाच्या आधी ह्यायले अंगणात ओढत नेलं, पाणी उडवून दाखवलं. वाटलं शाबासकी देतीन. तर खिशातून फ्यूज काढून माझ्यासमोर धरला. "चिठ्ठी कोणी काढली?"

मी हसली. ते हसले नाही. "प्लांटमध्ये असती तर घरी बसवली असती तुले." मी म्हटलं, एवढ्याशा पंपाले काय एवढं. हातातला फ्यूज बोटांत फिरवत राहिले. मग म्हणे, लग्नाच्या आधी एका ठेकेदाराकडे होतो, माझा हात मशीनमध्ये होता अन् एकानं येऊन फ्यूज लावून दिला. बोटं थोडक्यात वाचली. एवढ्या वर्षांच्या संसारात हे मले कधी सांगितलं नाही! अन् मग खाली पाहून, "उद्या तू एकटी जाऊन राहिली. घरी बसून मी काय काय बंद करू?"

भैताड माणूस. बुधवारपासून खेकसून राहिला, सरळ म्हणायचं ना की भीती वाटते. त्यायचा हात घेतला अन् बोटं पाहिली, सगळी जागेवर. म्हटलं, चला, परीक्षा घ्या माझी.

दु. नंदिनी नगरच्या रस्त्यानं. मुद्दाम, चुनखडीचे ट्रक असतात म्हणून. हे बाजूले बसून पाय असे रोवून होते, जसा ब्रेक त्यायच्याच पायाखाली आहे. एक ट्रक सगळा पांढरा धुरळा आमच्यावर टाकून गेला. दांडी ओढली, आधी नुसता चिखल झाला. पुन्हा ओढली, काच लख्ख! मी ओरडली. हे म्हणे, "पुढं पाह्य, पुढं पाह्य!" परत येताना कोहक्याच्या वळणावर एवढंच बोलले, "बरं चालवते." ह्यायच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे लय झालं.

८ फेब्रु., रवि. साकोली

पोचली!! एकटी!! अक्षर पहा कसं वाकडंतिकडं येते.

राजनांदगावच्या पुढं स्टिअरिंग दोन्ही हातानं घट्ट धरून होती. बागनदीच्या अलीकडं ट्रकामागं अडकली, काच पार मळली, पाणी उडवलं अन् समोर रस्ता. त्यानंतर भीती गेली. देवरीले चहा पिली, ह्यायले फोन केला, पहिल्या रिंगमध्ये उचलला. फोन हातातच धरून बसले होते वाटते.

आई गल्लीच्या तोंडावर उभी होती, शेजारच्या चार बाया घेऊन. मी थांबवली तशी मागच्या सीटवर वाकून पाहिलं, खरंच कोणी लपून तर नाही. "जावई नाही ना?" नाही म्हटलं. मग गाडीच्या बॉनेटवर हळदकुंकू लावलं, माझ्या गालावरून हात फिरवला अन् बायांकडं वळून म्हणे, "पाह्यलं? माह्या लेकीनं आणली." मी लहान पोरीसारखी तिच्या गळ्यात पडली.

संध्याकाळी म्हटलं, आई, बॅग भरू. तिनं आधीच भरून ठेवली होती, एक कापडी पिशवी. आत दोन लुगडी, चष्मा, बाबांचा फोटो. बस. म्हटलं, एवढंच? अन् थंडीचं? अन् तुझी भांडी?

आई लसूण सोलून राहिली होती. मान वर न करता म्हणे, "तिथं जीव नाही लागला त वापस आणून सोडशील ना? संजूले म्हटलं त तो म्हणते, पाहू. तुले आता गाडी येते."

म्हणजे यासाठी तिले लेकीची गाडी पाहिजे होती. लोकायचं नुसतं निमित्त.

मी म्हटलं, हो आई, म्हणशील तेव्हा. शप्पथ घातली तिनं, तीही घेतली. अन् आता ती आत निवांत भाकरी थापून राहिली आहे, अन् मी इथं ओसरीवर बसून विचार करून राहिली की ती आठ दिवसांनीच म्हणाली तर.

संजूले अजून कोणी सांगितलं नाही. आई म्हणे, तू कर फोन. मी म्हटलं, तू कर.