विहीणबाईंच्या कोंबड्यांसाठी

जळकोट

प्रिय शिवकन्या,

आधी तुझ्या अळ्यांचं सांगते, म्हणजे माझा हात लिहायला बसेल. सगळ्या ठीक आहेत. लग्न होऊन तू मुखेडला गेलीस आणि कोंबड्यांना घालायला तू पाळलेल्या अळ्यांचे हे ट्रे माझ्या गळ्यात पडले, तेव्हा मी तुला मनातल्या मनात भरपूर बोलून घेतलं. पोरीने माहेरी ठेवून काय जावं, तर किडे. सुरुवातीला मी त्यांना चिमट्याने उचलायची. आता हातानेच उचलते, कोंडा चाळते, गाजराच्या चकत्या घालते. पांढऱ्या होऊन निपचित पडलेल्या मेलेल्या नसतात, त्यांचे भुंगेरे व्हायचे असतात, हेही आता कळतं. ट्रे वाजला की कोंबड्या पायात येतात. भिंतीवर दयाळ पक्ष्यांची जोडी बसते, तिच्यासाठी वाटीत थोड्या वेगळ्या ठेवते. तुझे बाबा म्हणतात, "पोरीनं खूळ लावलं अन् आई पुरवून राहिली."

पण शिवे, तू आता विचारत नाहीस. आधी फोन लागला की तुझं पहिलं, गाजर घातलं का? माझी तब्येत त्यानंतर. पंचमीला गल्लीतल्या सगळ्या लेकी आल्या, तुला पाठवलं नाही, आणि तेव्हापासून तू अळ्यांचं नावच काढलं नाहीस. मीच सांगायला लागले तर "हाव, बरं हाय" एवढंच म्हणतेस, आणि मागे कुणीतरी खोकतं. फोन स्पीकरवर असतो हे मला कळतं गं. म्हणून मीही हवापाण्याचं बोलून ठेवून देते आणि मग दिवसभर घरात नुसती येरझाऱ्या घालते.

परवा शेजारची कस्तुराबाई मुखेडच्या बाजारातून आली ती सरळ आपल्याच घरी. म्हणाली, "तुमची शिवकन्या दिसली, लई वाळली. दोन्ही मनगटांना फडकी बांधलेली. मला बघून पदराखाली घेतले हात." मी फोनवर विचारलं, तर कुकरची वाफ लागली म्हणालीस. वाफ दोन्ही मनगटांना सारखी लागत नाही, बाळा. मला भीती वाटते, सरळ सांगते.

कोंबड्या पिसं गाळायला लागल्यात, अंडी बंद झालीत, असं विहीणबाई मागे म्हणाल्या होत्या. तेवढं निमित्त मला पुरलं. पिसं गळताना कोंबड्यांना अळ्या मानवतात असं सांगून बाबा स्वतः येऊन हा अळ्यांचा डबा देतील आणि तुला म्हणतील, कोंडा तळापासून चाळून घे. त्या घरात या डब्यात तुझ्याशिवाय कुणी हात घालणार नाही, म्हणून हे पत्र दुधाच्या पिशवीत गुंडाळून तळाशी ठेवलंय. तुला तिथे राहायचं नसेल तर काही घेऊ नकोस, नेसत्या कपड्यांनिशी बाबांबरोबर नीघ. आता साक्षीचं लग्न कसं जमेल, हा विचार मनात आणू नकोस. तुझ्या बहिणीनेच हा डबा भरलाय. लोकांना तोंड द्यायला मी आहे. तू हे वाचत असशील तेव्हा बाबा बाहेर ओसरीवर चहा घेत असतील. त्यांना सावकाश प्यायला सांगितलंय. तू बाहेर येईपर्यंत ते कप खाली ठेवणार नाहीत.

तुझीच,
आई