चौकोनातला केर

॥ श्री सोमजाई प्रसन्न ॥

कापडे, ता. ४ नोव्हेंबर १९२६

चि. मुरारी यास प्रयागताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. येथील सर्व क्षेम. तुझा खोकला गेला की नाही, ते दोन्ही पत्रांत लिहिले नाहीस.

मे महिन्यात तू सोमजाईच्या राईत चार खुंट्या ठोकून, काथ्या बांधून चौकोन आखून गेलास, तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तेथे जाते. वहीच्या पहिल्या पानावर तू लिहून दिलेस तसेच करते : आधी चौकोनातला केर काढावा, मग आतली झाडे व रोपे मोजावी. घरून झाडू नेते, जमीन देवघरासारखी लख्ख करते, देवीला हात जोडते आणि मग मोजते. मोठी झाडे अकरा. रोप एकही नाही. मागच्या पाच मोजण्यांतही नव्हते. बाजूला बसायचे चार दिवस आड आले तर मोजणी पुढच्या सोमवारी करते, पण तारीख वहीत खरी तीच लिहिते.

देवीची पूजा पाहणारा हैबती गुरव मला विचारीत होता, की बाई, तुमच्या भावाला पुण्यात मोजायला काय गावत नाय का? मी सांगितले, की तिथे माणसेच फार, आणि ती एका जागी उभी राहत नाहीत. तुझे भाऊजी हे ऐकून दिवसभर हसत होते.

मॅट्रिक झालेल्या बहिणीचे शिक्षण चुलीत जाऊ द्यायचे नाही, असे तू म्हणालास. खरे सांगते, या कामात माझे मन लागते.

लोभ मोजू नये, नुसता असू द्यावा.

तुझी प्रयागताई


पुणे, ता. १२ फेब्रुवारी १९३२

ती. सौ. ताईस, मुरारीचा कृ. सा. न. वि. वि. खोकला आहे तसाच आहे. तो आता माझ्याच घरचा झाला.

आपला निबंध विलायतेच्या मासिकात छापून आला. तळाशी बारीक टाइपात तुझे नाव आहे. पाच वर्षे, साठ मोजण्या आणि एकही रोप नाही! मनुष्याने हात लावला नाही तर रान आपले आपण टिकते, असे आजवर सगळे धरून चालले होते. तुझ्या वहीने ते खोटे पाडले. राई दाट दिसते, पण तिला लेकरू नाही. आजची झाडे पडली की त्यांच्या जागी उभे राहायला कोणी नाही. परदेशातल्या दोघा ग्रंथकारांनी हे उतरून घेतले आहे आणि जूनपासून कॉलेजात मुख्य अध्यापकाची जागा मला मिळते आहे.

तुमच्या खोतांनीही एक प्रत मागवली. आपल्या गावात एवढी जिज्ञासा पाहून बरे वाटले. लगेच पाठवली, सोबत मराठीत सारांशही जोडला. यंदाही सुटी मेमध्येच, तेव्हाच येईन. पावसाळ्यात तिकडे यायचे दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी राहते.

ममता आहे, ती अशीच वाहती ठेवावी.

तुझा मुरारी


कापडे, ता. २ ऑगस्ट १९३२

चि. मुरारी यास अनेक आशीर्वाद. वि. वि. जीव थाऱ्यावर नाही. हे पत्र वाचल्याबरोबर उत्तर दे.

राई कोळशाच्या भट्ट्यांना देण्याचे खोतांच्या मनात पुष्कळ वर्षे आहे आणि गाव पुष्कळ वर्षे नाही म्हणत आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी देवळात गाव बसवला आणि तुझा सारांश वाचून दाखवला. म्हणाले, राई मरणारच, हे प्रोफेसराने छापले आहे. कुजून जाण्यापेक्षा तोडू आणि देवीला नवे देऊळ बांधू. मग हैबती उठला आणि बायकांच्या बाजूला येऊन मला विचारले, की बाई, ह्ये खरं हाय? मी सांगितले, की माझा भाऊ खोटे छापीत नाही. त्यानंतर संमतीच्या कागदावर अंगठे उठले, मुरारी. पहिला हैबतीचा.

काल सोमवारी मोजायला गेले. पाऊस होता म्हणून गुराखीण मैना आपले इरले घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. मी केर काढीत होते ते बघत राहिली आणि हसायला लागली. म्हणाली, गो बाय, राईला लेकरू नाय म्हन सांगतेस आनि म्हयन्याच्या म्हयन्याला तिची पोरं आपल्याच हातानं उपटतेस! मी म्हटले, हा केर आहे. तर म्हणते, केर कुठला, ही किंजळ हाय, तुझ्या दाराची चौकट हिचीच हाय.

त्या केरातला एक कोंब दाबून सोबत पाठवते. दोनच पाने आहेत. दर पावसाळ्यात असे पुष्कळ येतात आणि देवीच्या जागेत घाण नको म्हणून मी मुळासकट काढते. रोप म्हणजे निदान तुळशीएवढे, हाताने धरता येईल असे, अशी माझी समजूत. तू केर लिहिलेस तो कशाला?

उत्तराची वाट दारात उभी राहून पाहते आहे.

प्रयागताई


पुणे, ता. ७ ऑगस्ट १९३२

ती. सौ. ताईस कृ. सा. न. वि. वि. सोबतचा कोंब पोचला. ते किंजळीचे रोप आहे, याच पावसातले.

केर म्हणजे गळलेला पाचोळा. तो शब्द मी घाईत लिहिला. घरातल्या बाईला समजेल असा सोपा शब्द घालावा म्हणून घातला आणि तुला तो माझ्यापेक्षा नीट समजला. तू तसूभर चुकली नाहीस. सहा वर्षांत मी एकदा आषाढात आलो असतो तर चौकोनाजवळ तो ढीग मलाच दिसला असता. मेमध्ये जमीन कोरी असायची आणि मला तीच हवी होती.

निबंध मागे घेतो असे मासिकाला कळवले आहे. ते छापायला सहा महिने जातील. खोतांना आणि हैबतीला याच टपालाने स्वतंत्र पत्रे टाकली आहेत. आमचे वरिष्ठ म्हणाले, की बहिणीकडून चूक झाली एवढे लिहून मोकळे व्हा. मी तसे लिहिले नाही. जूनमध्ये मिळालेली मुख्य अध्यापकाची जागा माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिली आहे. पण त्या दोन ग्रंथांत जे उतरले ते मी आता कसे पुसू?

राई थांबव. मला शिव्या देऊन थांबत असेल तर तशी थांबव.

मुरारी


कापडे, ता. ६ डिसेंबर १९३२

चि. मुरारी यास अनेक आशीर्वाद. वि. वि. राई थांबली नाही.

मी तुझे पत्र देवळात वाचले. खोतांनी शांतपणे विचारले, की छापलेले खरे धरायचे की हाताने लिहिलेले? आधी एक म्हणतो, मग दुसरे म्हणतो, त्याच्यासाठी अंगठे परत घेतात होय? पाऊस उघडताच कुऱ्हाडी आल्या. पंधरा दिवस भट्ट्यांचा धूर गावावर होता. कोळसा गाड्यांनी दासगावच्या बंदरात गेला. हैबती माझ्या हातचा नैवेद्य घेतो, पण वर बघत नाही. एकदाच बोलला. म्हणाला, अंगठा माझा व्हता, बाई. तुमी कशाला रडताव?

ऑगस्टपासून मी केर काढलेला नाही. तुझ्या खुंट्या जागेवर आहेत. झाडे शून्य, बुंधे अकरा. रोपे एकेचाळीस. ही एकेचाळीस तरी वाढतील ना?

प्रयागताई


पुणे, ता. १५ डिसेंबर १९३२

ती. सौ. ताईस कृ. सा. न. वि. वि. तुझ्याशी खोटे बोलणार नाही. ती रोपे सावलीत जन्मलेली आहेत. डोक्यावर पान उरले नाही, ऊन त्यांना सोसणार नाही. शिमग्यापर्यंत बहुतेक जातील. तरी मोज. ही मोजणी खरी आहे आणि हीच छापीन, खाली कारणासकट. मेपर्यंत थांबत नाही. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू दिले की येतो.

मुरारी


कापडे, ता. ४ एप्रिल १९३३

चि. मुरारी यास अनेक आशीर्वाद. वि. वि. भावजयीच्या हातचे पत्र आले. तू उठू नकोस. मी एकादशी धरल्या आहेत.

तू म्हणालास तसेच झाले. जानेवारीत तेहतीस राहिली, फेब्रुवारीत सतरा, शिमग्याला सहा. काल एक होते, मैनेने ओळखली तीच किंजळ. पाने चार झाली आहेत, कडा करपल्या आहेत.

त्याच्यावर मी माझे जुने लुगडे चार नव्या खुंट्यांना ताणून बांधले आणि रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालते. काल हैबती तिकडे आला. सैल झालेली एक खुंटी दगडाने ठोकून गेला.

माझा हात लागला की तुझी मोजणी बिघडते, हे आता मला कळते. म्हणून कालची ओळ वहीत कोरी ठेवली आहे. हे एक मोजायचे की नाही, ते तू स्वतःच्या अक्षरात कळव. तोवर मी लिहीत नाही.

तुझी प्रयागताई