कोसमटोल्याचा तलाव नकाशात नाही

४ फेब्रुवारी २०१३, सोमवार

म्हातारा आज पुन्हा रुसला. म्हातारा म्हणजे माझा कॉम्प्युटर, ऑफिसातला सगळ्यात जुना, म्हणून माझ्या वाट्याला. उपग्रहाचं चित्र उघडायला सांगितलं, खाली जाऊन चहा पिऊन आले तरी गोल फिरतोच आहे. चार शब्द सुनावले त्याला. शेजारून पटले मॅडम, "माधुरी, त्याले शिव्या देऊन फायदा नाही, मी सगळ्या देऊन बसली."

या बाईंनी कॉलेजातली भूगोलाची नोकरी सोडून गोंदियात नकाशांची संस्था काढली. लोक हसले म्हणे. हसोत. (इथून पुढे प.मॅ. पूर्ण नाव लिहायला हात दुखतो.)

काम तेच, मालगुजारांनी गावोगाव बांधलेले जुने मालगुजारी तलाव. उपग्रहाच्या चित्रावरून कोणत्या गावच्या तलावात किती पाणी, ते नकाशावर काढून द्यायचं. त्यावरून सरकारी ऑफिस उन्हाळ्यात कुणाची दुरुस्ती करायची ते ठरवणार. कच्चे नकाशे ग्रामपंचायतींत लावलेत, लोकांनी बघून सांगावं म्हणून. अजून कुणी काही बोललेलं नाही. मी खूश.

६ फेब्रु., बुध

खुशी संपली. कोसमटोल्याहून सरिताबाई शेंडे आल्या, बसने, नकाशाची घडी पिशवीत. ढिवर बायांच्या गटाच्या अध्यक्ष आहेत, तलावातली मासेमारी हा गटच बघतो. बसायच्या आधीच प्रश्न.

"आमचा तलाव काऊन नाही जी याच्यात?"

मी म्हटलं असं कसं होईल. म्हातारा चालू केला, गाव शोधलं. या चित्रात शेत, जंगल लाल दिसतं आणि पाणी काळं. गावाच्या दक्षिणेला हा एवढा मोठा काळा डाग! बोट ठेवून दाखवला. "हा काय, आहे की."

"मंग कागदावर कोठी गेला?"

कागद पाहिला. तिथे नुसती शेतं. शेजारच्या गावाची बोडी, म्हणजे बेशरमीच्या झुडपांनी भरलेलं छोटं तळं, तेसुद्धा आहे, यांचा तलाव नाही. चहा मागवला.

त्यांचं दुखणं तुडुमाचं आहे. पाळीतून, म्हणजे तलावाच्या बांधातून, शेतात पाणी सोडायचं ते जुनं दार. दगड सरकलाय, पाणी झिरपतं. "यंदा नाही झालं त पार फुटन, बाई. मासोळी गेली, धानबी गेला." नकाशात तलाव नाही तर दुरुस्ती नाही, इतकं सरळ आहे. सरकारी ऑफिसातल्या साहेबांची बैठक १८ ला.

जाताना म्हणाल्या, "तुमची मशीन चांगली आहे, पन तिले आमचा तलाव आवडला नाही वाट्टे." मला हसू आलं आणि रागही. राग म्हाताऱ्याचा.

७ फेब्रु.

पहिला संशय : चित्र सरकलंय. होतं असं, चित्र एका मोजणीत आणि गावाच्या सीमा दुसऱ्या मोजणीत असल्या की सगळं शेजारच्या शिवारात जाऊन बसतं. त्याच चित्रात येणारी शेजारच्या तिरोडा तालुक्याची रेल्वेलाईन लावून पाहिली. बरोब्बर रुळावर रूळ. सरकलेलं नाही.

८ फेब्रु.

तरी हट्टाने सगळं चित्र नव्याने बसवायला घेतलं. अर्ध्यात लाईट गेली. यूपीएसने एक शिट्टी मारली आणि मान टाकली. सकाळपासूनचं काम पाण्यात, म्हणजे तेवढंच काय ते पाण्यात.

जेवले नाही. प.मॅ. नी स्वतःच्या डब्यातला भात अर्धा काढून समोर ठेवला.

९ फेब्रु., शनि

प्रिंटरवर आळ घेतला. दुसऱ्या प्रिंटरवर काढला. नाही. फाइल बिघडली म्हणून पुन्हा कॉपी केली. नाही. पडद्यावर तलाव आहे, कागदावर नाही. डोकं भणभणतंय. फुलचूरला घरी आले तर सासूबाई म्हणतात, तोंड का असं? सांगू काय, एक तलाव हरवला?

११ फेब्रु., सोम

आज लिहायलाच हवं.

प.मॅ. खुर्ची ओढून म्हाताऱ्यासमोर बसल्या. मी रंग बदलायला गेले, गडद-फिकं करून बघू म्हणून. हातावर चापट.

"रंगाकडे कायले पाहून राहिली? रंग आपण दिला आहे. आकडा विचार त्याले."

या चित्रात प्रत्येक चौकोनी ठिपक्याच्या मागे एक आकडा असतो, उजेड जास्त तर आकडा मोठा. हे मला कोण सांगणार, रोज तेच करते. पण त्यांनी एकेक ठिपक्यावर टिचकी मारायला सुरुवात केली, भाजी निवडावी तशी. शेत, आकडा. रस्ता, आकडा. बेशरमीची बोडी, आकडा. मग कोसमटोल्याच्या काळ्या डागावर टिचकी.

आकडा नाही. "माहिती नाही" असं उत्तर.

पुन्हा मारली. माहिती नाही. सगळ्या डागभर माहिती नाही.

मग बाईंनी काय करावं? पडद्याची पार्श्वभूमी बदलली. मी डोळ्यांना बरी म्हणून काळी ठेवलेली होती, त्यांनी भडक गुलाबी केली. आणि तलाव गुलाबी झाला! म्हणजे तिथे पाणी नव्हतंच, भोक होतं. भोकातून मागचा काळा पडदा दिसत होता आणि मी बोट ठेवून सरिताबाईंना "हा काय, आहे की" म्हणत होते.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. चार दिवस मी रूळ, प्रिंटर, लाईट सगळ्यांना कोर्टात उभं केलं, आणि या बाईंनी नुसतं विचारलं. आठ वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, तरी अजून असं काही पाहिलं की पहिल्या दिवसासारखं वाटतं.

त्या मात्र हसल्या नाहीत. कारण शोधत बसल्या, सापडलंही. चित्र तिरकं येतं, कडेला काळे त्रिकोण उरतात, त्यांचा आकडा शून्य. ते दिसू नयेत म्हणून आम्ही सॉफ्टवेअरला सांगतो, शून्य म्हणजे कोरं समज. प.मॅ. नीच शिकवलेली युक्ती, सगळं ऑफिस तेच करतं. आणि म्हाताऱ्यासारख्या मशीनना झेपावं म्हणून त्याआधी चित्र हलकं करतो, त्यात सगळ्यात गडद ठिपके खाली सरकून शून्य होतात. कडेच्या त्रिकोणाबरोबर तलावही कोरा, आणि कोऱ्या जागेत सॉफ्टवेअर पाणी धरत नाही, नकाशात तिथे शेतच येतं. काठाची बारीक कड उरली असणार, ती बारीकसारीक तुकडे गाळताना गेली.

"पण मग हाच तलाव का?" मी विचारलं. "बाकीचे तर आहेत."

"हाच सगळ्यात काळा असन म्हणून. चल, पाहून येऊ."

१३ फेब्रु., बुध

कोसमटोला. तिरोडा रोडने, मग नागझिऱ्याच्या बाजूला आत. प.मॅ. मागे, मी स्कूटीवर पुढे, त्या रस्ताभर माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवत.

तलाव पाहिला. काय सांगू. पाळीवर उभं राहिलं की खालचं पाणी नितळ, खोल, आणि बेशरमीचं एक वाढलेलं झाड नाही. आमच्या भागात असा तलाव बघायला मिळत नाही. बाया कमरेइतक्या पाण्यात, नवी उगवलेली बेशरम मुळासकट उपटून पाळीवर वाळत टाकून राहिल्या होत्या, एवढीशी कोवळी रोपंसुद्धा. मध्ये एक पोरगा, हळदीच्या वयाचा, लाजून लाल.

सरिताबाईंना विचारलं हा कोण.

"नवरदेव आहे जी. इथं लगीन ठरलं का पोरानं पयले तलावात उतरायचं. बेशरम उपटल्याबिगर मंडप नाही. माह्या नवऱ्यानंबी उपटली. गाळबी काढतो आमी, म्हनून खोल आहे."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"त मंग पोरगी नाही म्हनते."

बाया पाण्यातच हसल्या. नवरदेव आणखी लाल.

प.मॅ. नी वाकून पाण्यात पाहिलं. मग मला म्हणाल्या, "गढूळ पाणी उजेड परत फेकते, बेशरमीचा पाला त आणखीनच. म्हणून ते नकाशात आले. हे पाणी इतकं साफ आहे का त्यानं काहीच परत फेकलं नाही." आणि सरिताबाईंकडे वळून, स्पष्ट : "बाई, तुमचा तलाव चांगला आहे म्हणून गेला. चुकी आमची."

सरिताबाईंनी एवढंच विचारलं, "आता येईन ना?"

१५ फेब्रु., शुक्र

आला! मूळ जड चित्र घेतलं, हलकं न करता. शून्याची युक्ती बंद, कडेचे त्रिकोण गावांच्या सीमेने कापले. म्हातारा दिवसभर कण्हला पण थांबला नाही, त्याच्याबद्दल मागे लिहिलं त्यातलं निम्मं परत घेते. तलाव अख्खा आला, काठासकट. कागदावर काढला. निळा. मी तो कागद उगाच दोनदा काढला.

पेढे आणू म्हटलं तर प.मॅ. म्हणाल्या थांब. "आधीचे दोन तालुके आपण याच युक्तीनं दिले ना गं?"

दिले होते. छापूनही गेले.

१६ फेब्रु.

साहेबांना फोन, माझ्यासमोर, स्पीकरवर. प.मॅ. नी सगळं सांगितलं, स्वतःच्या युक्तीसकट. पलीकडून आवाज, "मॅडम, वो तो पास हो गया ना? किसी ने शिकायत की क्या?"

"नाही. तेच सांगून राहिली साहेब, ज्याचा तलाव गेला त्याले माहीतच नाही."

"देखिये, पुराना निकालोगे तो आगे का काम देना मुश्किल हो जाएगा."

"मुश्किल होऊ द्या. मी लिहून देते."

फोन ठेवल्यावर चष्मा पुसत बसल्या. आमच्या सगळ्यांचे पगार या कामावर आहेत, मला कळतं. भीती वाटली. पण यांच्याकडे नोकरी करते याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता, तोही लिहून ठेवते.

१८ फेब्रु., सोम

बैठक झाली. कोसमटोल्याचा सुधारलेला नकाशा साहेबांनी घेतला. बघतो म्हणाले. ना हो, ना नाही. जुन्या तालुक्यांचं पत्र टेबलावर तसंच पालथं ठेवलं.

सरिताबाईंचा फोन. "आला का जी आमचा तलाव?"

प.मॅ., "नकाशात आला. त्यांच्या मनात यायचा आहे."

"बरं. आमी तोवर तुडुमापाशी माती दाबून ठेवतो."

२२ फेब्रु., शुक्र

साहेबांकडून काही नाही. पुढच्या कामाचंही काही नाही.

प.मॅ. नी सकाळी ऑफिसातल्या प्रत्येक मशीनचा पडदा तो भयंकर गुलाबी करून टाकला. डोळे फुटतील म्हटलं. फुटू दे म्हणाल्या. मग मला, "तिरोड्याचं जुनं काढ." आधी दिलेल्या दोन तालुक्यांतला एक. कुणी मागितलेलं नाही, कुणी पैसे देणार नाही. काढलं. म्हाताऱ्याने नेहमीसारखा जीव खाल्ला.

हळूहळू शेतं आली, लाल. रस्ता. रेल्वे. आणि पार कोपऱ्यात, जंगलाला लागून, एक गुलाबी डाग. नीट गोल, चांगला मोठा.

टिचकी मारली. माहिती नाही.

प.मॅ. पडद्याला नाक लावून बसल्या. मला वाटलं आता कपाळाला हात लावतील. तर म्हणतात, "पाह्य गं, इथंबी कोणी तरी बेशरम उपटून राहिलं आहे. कोणतं गाव आहे हे?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी पर्स उचलली, म्हणाल्या स्कूटी काढ.