मी तिचा पेशंट होतो

मम्मी,

ज्या संध्याकाळी तिने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि माझ्या तोंडाकडे न बघता घड्याळाकडे बघत राहिली, त्या संध्याकाळी माझं सगळं फिरलं. त्याआधी मी कॉलेज सोडलेला, दिसेल त्याच्याशी भांडणारा, व्हॅन चालवणारा पोरगा होतो. आजही तोच आहे, फक्त आता कशातच जीव लागत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाबू, आधी जेव, मग बोल." तू नाहीस. दहा वर्षं झाली. म्हणून न जेवताच बोलतो.

तुला यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगतो. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, कारखान्यांच्या मागच्या रांगेत, म्हाताऱ्या माणसांसाठी घरोघर बायका पाठवणारी एक एजन्सी आहे. तिथे मी ड्रायव्हर. सकाळी पोरींना भरायचं, अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या व्हिलांच्या दारात एकेकीला उतरवायचं, संध्याकाळी परत गोळा करायचं. जवळजवळ सगळ्या फिलिपिनो, आणि सगळ्या आपल्या देशात रीतसर शिकून, परीक्षा देऊन नर्स झालेल्या. इथल्या व्हिशावर मात्र लिहिलंय केअरगिव्हर. नर्सचा परवाना मागायला गेलं की म्हणतात, आधी नर्स म्हणून अनुभव दाखवा. अनुभव मागायला गेलं की म्हणतात, आधी परवाना दाखवा. या दोन खिडक्यांमध्ये पोरींची पाच-सहा वर्षं निघून जातात. म्हाताऱ्याला इन्सुलिन तीच टोचते, नळीतून जेवण तीच भरवते, पाठीवरची जखम तीच धुते. कागदावर ती फक्त त्याची उशी नीट करते.

इंग्लंडवाले हा अनुभव मागत नाहीत. इंग्रजीची आणि कॉम्प्युटरवरची परीक्षा इथेच देता येते, मग तिथलं एखादं हॉस्पिटल बोलावून घेतं, आणि तिथे पोचल्यावर शेवटची परीक्षा हातांची. समोर खोटा पेशंट, बाजूला खरा परीक्षक. जे करायचं ते तोंडाने बोलत करायचं. आता मी हात धुते. आता मी तुमच्या मनगटावरची नावाची पट्टी वाचते. मनात केलेलं धरत नाहीत. म्हणून माझ्या व्हॅनमध्ये रोज सकाळी पाठीमागून पुटपुटणं ऐकू यायचं, जशा आपल्याकडे बायका रोझरी म्हणतात तसं. त्यातली एक ती.

एजन्सीच्या स्टोअरमध्ये हॉस्पिटलचा एक पलंग पडून होता. त्यावरचा म्हातारा गेला तेव्हा घरच्यांनी परत पाठवलेला. त्यावर त्या सराव करायच्या. त्यांच्यात जी वयाने थोरली, तिला सगळ्या आते म्हणतात, म्हणजे मोठी ताई. ती परीक्षक. एका संध्याकाळी मी चावी द्यायला गेलो तर तिने मला दंडाला धरून आत ओढलं.

"पेशंट पाहिजे. पोरी पेशंट झाल्या की हसत सुटतात. तू कधी हसत नाहीस. यल्ला, झोप."

मी झोपलो. व्हॅनमधली ती पुढे आली, हात धुतल्याचं सांगितलं, माझ्याजवळ वाकली. "हॅलो सर, आज मी तुमची नर्स आहे. मी तुम्हाला तपासलं तर चालेल का?"

"चालेल."

"असं काय सांगतोस?" आते ओरडली. "तुला दम लागलाय. घाबरलायस तू."

"लागलाय," मी म्हटलं. खरंच लागला होता.

मग ती दोन बोटं. आणि लगेच आते: "फेल! मनगटावर घड्याळ!" त्या परीक्षेत कोपराच्या खाली काही चालत नाही, ना घड्याळ, ना बांगडी. छातीवर उलटं टाचायचं घड्याळ लागतं. तिच्याकडे ते नव्हतं. पण ती बोटं दुसऱ्यांदा माझ्या हातावर आली तेव्हा मला कळलं, मी असं घड्याळ पाहिलंय. तुझ्या छातीवर. फोटोत.

आणि मग तूच आलीस, मम्मी, न बोलावता. मी सातवीत. बसमध्ये एका पोराचं नाक फोडून घरी आलोय. तू किचनमध्ये नाताळचे फुगे, आपले ते पिठाचे गोड गोळे, तळतेयस, हात पिठाने भरलेले. तू ओरडत नाहीस. गॅस बंद करतेस, हात धुतेस, तुझ्या त्या पद्धतीने, बोटांच्या फटी, अंगठे, नखं, आणि माझी दोन बोटं धरून माझ्याच मनगटावर ठेवतेस. "सापडली? आता साठपर्यंत मोज. राग आला की आधी नाडी मोजायची. तोवर जीभ पण नाही, हात पण नाही." मी मोजतो. फुगे थंड होतात. तू तेच थंड फुगे मला खायला देतेस, आणि म्हणतेस, ही शिक्षा.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मासनंतर खलिफा सिटीत डॅडींकडे गेलो. तुझ्या कपाटात, रोझरीच्या डबीत ते घड्याळ होतं, तुझं नर्सिंगचं ट्रेनिंग संपलं तेव्हा आजोबांनी दिलेलं. डॅडी दारात उभे राहिले.

"कुणासाठी नेतोस?"

"एका नर्ससाठी."

"नर्स? की तुमच्या व्हॅनमधली आया?"

"मम्मी कोण होती मग?"

"तुझी आई शहाणी होती. गप्प राहिली म्हणून हे घर उभं राहिलं. तू? वर्षाचे पस्तीस हजार दिरहम भरले तुझ्या कॉलेजचे, आठ लाख रुपये होतात, आणि सरांच्या अंगावर खुर्ची फेकून आलास. आता त्या पोरींचा गाडीवाला."

मी मोजलं नाही, मम्मी. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पण घड्याळ खिशात घालून निघालो.

गप्प राहिली. हा शब्द मला खलिफा सिटीपासून दुबईपर्यंत चावत होता. कारण मी तिथे होतो ना. तू दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसायचीस, आणि शाळा लवकर सुटली की मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर गृहपाठ करायचो. त्या दिवशी एक माणूस खुर्चीवरून सरळ खाली आला. सगळे नुसते बघत राहिले. तू टेबलाला वळसा घालून धावलीस, गुडघ्यांवर बसलीस आणि त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागलीस, मोठ्याने आकडे म्हणत. मी तुझा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. अँब्युलन्स आली, माणूस वाचला. आणि मग मॅनेजरने तुला आत बोलावलं, दार उघडंच होतं. "तू रिसेप्शनिस्ट आहेस. तुझ्याकडे परवाना नाही. पुन्हा पेशंटला हात लावलास तर खलास." तू "सॉरी सर" म्हणालीस. घरी डॅडी म्हणाले, "बरोबर बोलला तो. व्हिसा गेला असता म्हणजे?" तू बेसिनपाशी उभी राहून हात धूत राहिलीस. मला वाटलं होतं, तू रडतेयस. तू मोजत होतीस. ओठ हलत होते.

तुला हात लावायची बंदी. हिला सगळं करायची सक्ती, आणि ते कुठेच न लिहिण्याची अट. दोन्हीकडे मॅनेजर सारखाच. इंग्लंडच्या आधी तिला एकदा वाटलं, इथेच बघावं, म्हणून तिने एजन्सीकडे पत्र मागितलं, नर्सचं काम केल्याचं. मॅनेजर म्हणाला, "व्हिसा काय म्हणतो? केअरगिव्हर. तेवढंच मिळेल, हबीबी." हे मला व्हॅनमध्ये कळलं. गाडी उभी करून मी आत गेलो आणि त्याच्या टेबलावर मूठ आपटली. काय काय बोललो. कप फुटला. बाहेर आलो तर ती दारात उभी, पांढरी पडलेली.

"मी सांगितलं होतं तुला?" ती म्हणाली. आमचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं इंग्लिश. "तू ओरडतोस, मग घरी जाऊन हिरो वाटतं तुला. कॅन्सल माझा व्हिसा होतो, तुझा नाही. परत माझ्यासाठी ओरडू नकोस. कळलं, सर?"

तिचं ते सर. सरावात म्हणायची तेव्हा गोड लागायचं.

तरी मी रोज संध्याकाळी त्या पलंगावर जाऊन पडायचो. घड्याळ तिने घेतलं, छातीवर टाचलं, म्हणाली, "वाव, व्हिंटेज." मी दम लागलेला पेशंट झालो, ताप आलेला झालो, ऑपरेशनहून आलेला झालो. ती रोज विचारायची, "कुठे दुखतंय का, सर? तुम्हाला नीट वाटतंय ना?" मम्मी, तू गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मला माहीत होतं की ते मार्कांसाठी आहे. माहीत असून काय होतं? तहानलेल्या माणसाला पाणी कुणाच्या नावाने ओतलंय याच्याशी काय करायचंय?

मग तिचं तिकीट आलं. शेवटच्या सरावाला तिने विचारलं, "कुठे दुखतंय का, सर?"

"हो," मी म्हटलं, आणि छातीवर हात ठेवला.

"शून्य ते दहामध्ये किती?"

"दहा."

"मग मला सीनिअरला बोलवावं लागेल." ती वळली. "आते, पेशंट इज इन लव्ह."

"पॅरासिटामॉल दे त्याला," आते म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी उठून बसलो. माझ्या चेहऱ्याकडे बघून आते बाहेर गेली.

ती पलंगाच्या कडेला बसली. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "सुंदर आहे. पण सेकंदकाटा मध्येच अडकतो. ह्याच्यावर तुझी नाडी नेहमी जास्त यायची. मला वाटायचं, ह्याला काहीतरी आजार आहे. मग काल माझी मोजली. माझी पण पळते. घड्याळच खराब आहे. परीक्षेत हे घेऊन गेले तर चांगला माणूस आजारी ठरेल."

"घड्याळ बरोबर होतं," मी म्हटलं. "माझी पळतच होती. तू राहा इथे. लग्न करू. मी कॉलेज पूर्ण करतो, डॅडींशी बोलतो."

तिने बाटलीतलं हात धुवायचं जेल तळहातांवर चोळलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "इथे राहून मी काय होऊ? तुझ्या आईचं तूच सांगितलंस ना मला. तिला पण कुणीतरी म्हणालंच असेल, राहा, कशाला पाहिजे नोकरी."

मी बोटं मनगटावर ठेवली. साठपर्यंत मोजलं. पुन्हा साठपर्यंत मोजलं. तोवर ती गेली होती. तुझी ही युक्ती, मम्मी, नेमकी उलट्या वेळी लागू पडते. ओरडायचं नसतं तेव्हा मी ओरडतो, आणि बोलायचं असतं तेव्हा मोजत बसतो. तू तरी काय केलंस? मोजत राहिलीस, आणि मोजता मोजता वसईच्या त्या हॉस्पिटलात पडलीस. तिथल्या कोवळ्या नर्सला चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते शिकवलंस, आणि गेलीस. कुणावर एकदा तरी ओरडायचं होतंस. डॅडींवर. त्या मॅनेजरवर. माझ्यावर तरी. तुझं ते "सॉरी सर" अजून माझ्या कानात आहे, आणि त्याचा राग मी गाडीच्या हॉर्नवर काढतो.

आज तिचा मेसेज आला. मला नाही, आतेला. "पास! माझ्या पेशंटला सांग." आतेने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला, मग म्हणाली, "नवी पोरगी आलीय, खूप घाबरते. सहाला ये, पेशंट. तुझ्यावर शिकलेली फेल होत नाही." आता मी त्याच पलंगावर बसून हे लिहितोय. बाहेर नवी पोरगी पाठ करतेय: हॅलो सर, आज मी तुमची नर्स आहे. हॅलो सर, आज मी तुमची नर्स आहे.

पाठवू कुठे हे? तुझी कबर तर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे केव्हाच दुसऱ्याला दिली, हाडं भिंतीतल्या खणात हलवली. डॅडी फोनवर असं बोलत होते, जसं सामान हलवलं. तिकडे पण तुला परवाना तात्पुरताच मिळाला.

एक सांगून उठतो. लाज वाटते, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? परवा मी डोळे मिटून आठवून बघितलं, त्या फुग्यांच्या दिवशी माझी बोटं धरणारे तुझे हात कसे होते, गरम की गार. आठवत नाहीत. तिचेच आठवतात. गार होते, जेलचा वास असलेले.

दारावर टकटक झाली. "पेशंट? आत आहेस का?" आतेचा आवाज.

कागद घडी करून घड्याळासोबत खिशात टाकतो. पलंगाची चादर ओढतो, कोपरा तू दुमडायचीस तसा दुमडतो. नवी पोरगी दारात उभी आहे, हात धुवून, ओले हात वर धरून, काही विचारायच्या तयारीत. "आता पेशंट दुसरा बघा," मी म्हणतो, तिच्या शेजारून बाहेर पडतो आणि पाठीमागे दार ओढून घेतो.